एसटीत अनोळखी लोक एवढं सगळं का विचारतात? आपण किती सांगायचं?

कल्याणची_मास्तरीण

नमस्कार मंडळी, मी मूळची कल्याणची. पवित्र पोर्टलमधून जिल्हा परिषदेच्या शाळेत लागले आणि पोस्टिंग आली थेट यवतमाळ जिल्ह्यात. दारव्ह्याला रूम केलीय आणि तिथून शाळेच्या गावाला एसटीने अपडाऊन करते. शाळेबद्दल काही म्हणणं नाही, पोरं मस्त आहेत, प्रश्न बसमधला आहे.

आमच्याकडे लोकलच्या लेडीज डब्यात ग्रुप असतात, भाज्या निवडतात, हळदीकुंकू करतात, एकमेकींच्या डोहाळजेवणाला जातात, सगळं खरं. पण ते ठरलेल्या ग्रुपचं. अनोळखी बाईशी आम्ही एकच वाक्य बोलतो, "कुठे उतरणार?", आणि तेही तिची सीट आपल्याला मिळावी म्हणून. उत्तर मिळालं की विषय संपला, डोळे मिटायचे.

इथे "कुठं उतरता?" ही नुसती सुरुवात असते. मग गाव कोणतं, म्हणजे मुंबईच्या का, मग इतक्या लांब काऊन आल्या, मिस्टर काय करते, नाही झालं? काऊन नाही झालं? पगार किती आहे आता मास्तरकीचा, घरी भाऊ किती, आणि फिरून फिरून "आडनाव काय म्हटलं तुम्ही?" हे सगळं पहिल्या थांब्याच्या आत. मी हेडफोन घालून बसले तर शेजारच्या आजींनी दंडाला हात लावून विचारलं "कान दुखते का व बाई?" आता यावर काय बोलणार. काढले हेडफोन.

एकदा एक ताई चढल्या, गाडी खच्चून भरलेली, त्यांनी काही न विचारता बाळ माझ्या मांडीवर ठेवलं आणि स्वतः मागे जाऊन उभ्या राहिल्या. माझं नाव काय, मी कुठली, काही माहीत नाही त्यांना. बाळ झोपलं पण माझ्या मांडीवर, आणि मला हलता येईना. कल्याणला कोणी असं केलं असतं तर लोकांनी चेन ओढली असती.

मला राग आलेला नाही, उलट कधीकधी बरं वाटतं, पण कळत नाही की यातलं काय चालतं आणि काय नाही. पगार विचारला तर सांगायचा का? हेडफोन घातले तर लोकांना अपमान वाटतो का? आणि एक गृहस्थ आहेत, सकाळच्याच गाडीत असतात, त्यांनी दोनतीनदा विचारलं "रूमवर एकट्याच राहता का?" हे पण त्याच साध्या चौकशीतलं समजायचं की वेगळं? इथल्या लोकांनी सांगा प्लीज.

दिग्रसवाला_भाऊ

मॅडम पहिले तं वेलकम. आता नीट समजून घ्या, हे लोक तुमची माहिती काढत नाई, तुम्हाले बसवून ऱ्हायले कुठंतरी. म्हणजे सीटवर नाई, डोक्शात. आमच्याकडे माणूस समोर आला की तो कोण्या गावचा, कोणाचा कोण, हे कळल्याशिवाय पुढचं बोलणंच सुचत नाई कोणाले. तुम्ही दारव्हा म्हटलं की समोरचा म्हणते "दारव्ह्यात माया साळ्याचं किराणा दुकान आहे, बसस्टँडच्या मांगं", मंग तुम्ही म्हणता हो मी तिथूनच तेल आणते, झालं, आता तुम्ही अनोळखी नाई. उद्या तुमची गाडी चुकली तं हाच माणूस तुम्हाले कोणाच्या तरी गाडीवर बसवून देईन. २०२१-२२ च्या संपात मी सोता पाह्यलं, दिग्रस रोडवर उभं राह्यलं की कोणीही थांबे, पहिला प्रश्न "कोणत्या गावचे?", उत्तर बरोबर वाटलं की "बसा".

प्रश्न पण सीझनवर असते. मृग लागला की "पाणी आला काय तुमच्याकडे?" हाच. दिवाळीच्या मांगंपुढं "कापसाले काय भाव भेटला?", मंग सोयाबीनले शिव्या, मंग मजूर भेटत नाई, मंग रोही अन डुकरं वावरात घुसते. लांब धाग्याच्या कापसाचा २०२५-२६ चा हमीभाव ८,११० रुपये हे मले गाडीतच कळलं, आर्णीच्या एका काकाजीनं सांगतलं, अन खेड्यात येणारा व्यापारी किती कमी देते तेही त्यानंच सांगतलं. तुम्ही मास्तरीण आहे म्हून पगार विचारते, शेतकरी असत्या तं एकरी उतारा विचारला असता. गोष्ट तेच.

बाकी आमच्या गाडीत कायदे आहे बरं का, लिहिलेले नाई पण आहे. खिडकीतून रुमाल टाकला की ते सीट त्याची. टोपी चालते, दुपट्टा चालते, डबा चालते, एकानं चप्पल टाकलेली पण पाह्यली मी, तिच्यावर मात्र भांडण झालं. अन त्याहूनही भारी म्हणजे आतमधी बसलेल्या अनोळखी माणसाले बाहेरून थैली द्याची, "भाऊ त्या सीटवर ठेवा बरं". आता तो माणूस तुमच्यासाठी दहा लोकाईशी भांडन, "अबे माणूस येऊन ऱ्हायला त्याचा" म्हून, अन तुम्ही आल्यावर थैली देऊन खिडकीकडे तोंड करून बसन, तुमच्याशी बोलणार पण नाई कदाचित. पण रुमालावाल्यासमोर बुढी माय नाईतं पोटुशी बाई उभी राह्यली की रुमालाचा हक्क खतम. तिथं कोणी रुमाल दाखोला तं पूर्ण गाडी त्याच्यावर तुटून पडते.

पगार सांगायचा नसन तं "घर चालते काकाजी" म्हणा अन लगेच उलटा प्रश्न टाका, "तुम्हाले वावर किती?" मंग तुम्हाले दारव्ह्यापर्यंत एक शब्द बोला लागणार नाई.

आर्णी_सिस्टर

वरचे भाऊ बरोबर सांगून राह्यले पण ते माणूस आहेत, त्यांले बाईच्या जागेवरून दिसत नाई. मी एएनएम आहे, मी पण रोज अपडाऊन करते, म्हणून माझं ऐका.

बायांनी विचारलं तर सांगा. तुमच्याच कामाचं आहे ते. या रूटवरच्या चार बायांले जर माहीत असलं की ही मास्तरीण अमुक गाडीनं येते अन अमुक ठिकाणी उतरते, तर ज्या दिवशी तुम्ही दिसणार नाई त्या दिवशी त्या कंडक्टरले विचारतील. मी बाळंतपणाच्या केसमुळे दोन दिवस पीएचसीतच अडकली होती तर माझी चौकशी अशा बाईनं केली जिचं नाव मले आजही माहीत नाई, तिले मी "टोपलीवाल्या मावशी" म्हणतो अन ती मले "सुईवाली".

लेकराचं पण तसंच आहे. कडेवर लेकरू, हातात थैली अन दांडा पकडायचा, तीन हात कुठून आणील ती. बसलेल्या बाईनं लेकरू घेणं इथं उपकार नाई, ते बसलेल्याचं कामच आहे. फक्त ती कुठं उतरते ते विचारून ठेवत जा.

१७ मार्च २०२३ पासून बायांले अर्धं तिकीट झालं तेव्हापासून तर गाडीचा नूरच बदलला. पहिले आठवडी बाजाराले घरातला माणूस जाये अन बाई चिठ्ठी देये, आता बाईच जाते, वरून दोघी जावा मिळून जातात. माणसं कुरकुर करतात की बायाईनं गाडी भरून टाकली, करू द्या. पण यामुळे बसमध्ये बायांचं बोलणं घरच्यापेक्षा मोकळं असते. सासू मागच्या सीटवर नसते ना. बचत गटाचा हप्ता, लाडक्या बहिणीची केवायसी, पोरीच्या शाळेचा दाखला, अन कोणाच्या घरी दारू किती पितात, सगळं. मले पेशंट दवाखान्यात जे सांगत नाई ते बसमध्ये सांगतात, अंगावरून जाते म्हणून, गाठ आहे म्हणून. शेजारी बसून, समोर पाहत, खालच्या आवाजात. दवाखान्यात डोळ्यात डोळे घालून सांगा लागते म्हणून असेल बहुतेक. दोघींले तर मी तिथल्या तिथं सांगितलं की उद्याच्या उद्या यवतमाळले दाखवा.

आता तो सकाळचा गृहस्थ. ते साधी चौकशी नाई. "कोणत्या गावच्या" हे सगळ्यासमोर मोठ्यानं विचारतात, "एकट्याच राहता का" हे हळू विचारतात, यातच समजून जा. त्याले सांगा, घरमालकीणबाई अन त्यांचा भाऊ खालीच राहते. भाऊ असो की नसो. अन सांगताना हळू नका बोलू.

वाशीमचा_पोरगा

सगळे गोड गोड लिहून राहिले म्हणून लिहितो, कोणाला वाईट वाटलं तर वाटू द्या.

"आडनाव काय म्हटलं?" हा प्रश्न गाव विचारण्यासारखा नाही. मॅडम, तुम्हाला ते फिरून फिरून का विचारतात हे तुम्ही मुंबईकडच्या असल्या तरी समजलं असेलच. माझं आडनाव विदर्भात सांगितल्या सांगितल्या कळतं. मी लहान असताना आई सोबत असायची, छान गप्पा चालायच्या, समोरच्या बाई फुटाणे द्यायच्या, मग आडनाव निघायचं आणि गप्पा बंद नाही व्हायच्या, हे लक्षात घ्या, बंद नाही व्हायच्या, फक्त पातळ व्हायच्या. बाई खिडकीबाहेर जास्त बघायला लागायची. आईने मग एक पद्धत काढली होती, आडनाव विचारलं की ती गावाचं नाव सांगायची, दुसऱ्यांदा विचारलं की बाबांची नोकरी सांगायची, तिसऱ्यांदा विचारलं की मला म्हणायची "चाल बाबू, पुढं जागा झाली". मी इंजिनिअर झालो, पुण्यात राहिलो, तिकडच्या बसमध्ये कोणी काही विचारत नाही तेव्हा मला एकटं नव्हतं वाटलं, मोकळं वाटलं होतं. ज्यांना "इथे कोणी बोलत नाही" याचं दुःख वाटतं त्यांनी हाही विचार करावा.

भाऊ म्हणतात तुम्हाला बसवून राहिले कुठंतरी. बरोबर आहे. पण कुठे बसवतात तेही बघा ना.

आणि तरीही मला गाडीतलं सगळ्यात चांगलं बोलणं आठवतं ते अशोक विजयादशमीचं. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी नागपूरला दीक्षा दिली, तेव्हापासून दरवर्षी दीक्षाभूमीला लोक जातात. त्या दिवसांत नागपूरच्या गाडीत चढलात तर पांढऱ्या लुगड्यातल्या आज्या, कडेवर पोरं, भाकरीची गाठोडी, उभं राहायला जागा नाही, आणि कोणी कोणाला आडनाव विचारत नाही. गरजच नसते. कोणीही कोणाच्याही फडक्यातली भाकर घेतं. येताना तर प्रत्येकाच्या थैलीत पुस्तकं, ज्याला वाचता येतं तो वाचून दाखवतो आणि अर्धी गाडी ऐकते. एका आजोबांनी मला त्यांचं नवीन पुस्तक हातात देऊन सांगितलं होतं "वाच बाबू, मले दिसत नाई, पण घेतलं", आणि मी वर्ध्यापर्यंत वाचत होतो.

तर मॅडम, आडनाव सांगायचं की नाही तुम्ही ठरवा. पण कोणी सांगत नसेल तर त्याला दुसऱ्यांदा विचारू नका, एवढं शाळेतल्या पोरांनाही शिकवा.

दिग्रसवाला_भाऊ

@वाशीमचा_पोरगा खरं आहे भाऊ, याच्यावर बोलाले तोंड नाई. आमच्या घरचे बुढे पण तेच करते, मी समोर असलो तं टोकतो, नसलो तं विचारतच असतीन.

मॅडम बाय द वे शाळा कोणत्या गावात म्हटली तुम्ही?

आर्णी_सिस्टर

@दिग्रसवाला_भाऊ पाहा, सुरू झाला हा. गाव-बिव नका सांगू मॅडम इथं.

अंबानगरी_एमए

मी अमरावतीला सायकॉलॉजीत एमए करतोय, यावर वाचलेलं आहे म्हणून थोडं लांबड लावतो. २०१४ मध्ये निकोलस एपली आणि ज्युलियाना श्रोडर या दोघांचा एक पेपर आला, शिकागोच्या ट्रेन आणि बसमधल्या प्रवाशांवर. काहींना सांगितलं शेजारच्या अनोळखी माणसाशी बोला, काहींना सांगितलं गप्प बसा, काहींना सांगितलं रोज करता तेच करा. आधी विचारलं तर लोकांना वाटत होतं की बोललो तर प्रवास खराब जाईल, प्रत्यक्षात बोलणाऱ्यांचा प्रवास जास्त चांगला गेला. अडचण काय तर प्रत्येकाला वाटतं मला बोलायला हरकत नाही पण समोरच्याला नको असेल, म्हणून सगळेच गप्प.

आता हे मी आमच्या गावच्या गाडीत बसून मोबाईलवर वाचत होतो आणि शेजारचे काका वाकून विचारत होते "काय वाचून ऱ्हायला रे, इंग्रजी आहे का?" शिकागोतली जी भीती आहे ती त्या काकांच्या गावीच नाही. म्हणजे तो पेपर इथे उलटा करावा लागेल, इथे गप्प बसू देण्याचा प्रयोग करायला पाहिजे आणि मग मोजायला पाहिजे कोणाला किती त्रास झाला. वाशीमच्या दादांनी जे लिहिलं ते वाचून तर वाटतं की बोलणं सुखाचं असतं हे ठीक, पण विचारणारा कोण आणि सांगणारा कोण हे त्या मोजमापात कुठे येतं?

अजून एक, स्टॅन्ली मिलग्रॅमने न्यूयॉर्कच्या सबवेत विद्यार्थ्यांना पाठवून काही कारण न देता लोकांची सीट मागायला लावली होती, दोनतृतीयांशाच्या थोडं वरच लोकांनी दिली. पण मागणाऱ्यांची हालत बेकार झाली, खुद्द मिलग्रॅमला शब्द घशातून निघेना. आमच्याकडे मागायचा प्रश्नच येत नाही, "सरका बरं थोडं" म्हणून तिघांच्या सीटवर चौथा टेकतो, अर्धा बाहेर, आणि पाच मिनिटांनी तोच तुम्हाला विचारतो की "बसता येऊन ऱ्हायलं ना नीट?"

त्याच मिलग्रॅमने १९७२ मध्ये रोज दिसणाऱ्या पण कधीच न बोललेल्या चेहऱ्यांबद्दल लिहिलं. त्याचं निरीक्षण असं की रोजच्या फलाटावर ही माणसं बोलत नाहीत, पण लांब कुठे भेटली किंवा काही संकट आलं की लगेच बोलतात. हे मात्र मला इथेही पटलं, माझ्या गावचा एक मुलगा इथे गाडीत मान पण हलवत नाही, पुण्याला स्वारगेटवर दिसला तर मिठी मारली त्याने मला. चहा पण पाजला. परत गावच्या गाडीत भेटला तर पुन्हा तेच, खिडकीबाहेर.

आर्णी_सिस्टर

संकटाचं बरोबर आहे. मागं पावसाळ्यात नाल्याले पूर आला, पुलावरून पाणी, ड्रायव्हरनं गाडी अलीकडेच उभी केली अन बरोबर केलं त्यानं. संध्याकाळ झाली, पाणी काही उतरेना. आमच्या गाडीत एक पोट्टा आहे, रोज मोठ्या आवाजात रील्स लावते, कोणी काही म्हटलं तर आवाज अजून वाढवते. त्या दिवशी नेमकी त्याच्याच कंपनीची रेंज होती, बाकी कोणाचीच नाई. त्यानं पूर्ण गाडीत फोन फिरवला, प्रत्येकानं घरी लावला, म्हाताऱ्यांचे नंबर त्यानं सोता चिठ्ठीवरून पाहून लावून दिले, अन बॅटरी संपत आली तरी "बोला काकू, बोला" म्हणे. डबे उघडले, कोणाजवळ बाजारातली संत्री होती ती वाटली, जवळच्या गावातून लोक चहाची किटली घेऊन आले. रात्री उशिरा पाणी उतरलं.

दुसऱ्या दिवशी त्याच सीटवर तोच पोट्टा अन तेच रील्स, फुल आवाज. पण आता कोणी काही म्हणत नाई त्याले.

मुर्तिजापूर_जंक्शन

एसटीवरच चाललं आहे सगळं, आमच्या शकुंतलेची आठवण कोणीच काढली नाई. मॅडम, तुमचं दारव्हा त्याच लाईनवर होतं. मुर्तिजापूर ते यवतमाळ नॅरोगेज, ११३ किलोमीटर, किलिक निक्सन नावाच्या इंग्रज कंपनीची लाईन. मँचेस्टरमधलं १९२१ चं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत ओढत होतं, मंग डिझेल आलं. तिची स्पीड अशी की पूर्ण दुपार तिच्यातच जाये, मंग माणसं बोलतीन नाई तं काय करतीन. अर्ध्या स्टेशनवर तिकीट पण गार्डच देये, त्याले पण माहीत राहे कोण कोणाच्या लग्नाले चाललं. आता बंद आहे. तिकडं वर्धा ते कळंब ब्रॉडगेज २०२४ मधी सुरू झाली, पुढं यवतमाळपर्यंत येईन म्हणते, आली की पाहू त्यात कोणी बोलते का.

बिल्ला_जमा

मी रिटायर कंडक्टर आहे. नातवानं हा धागा वाचून दाखवला, तोच टाईप करून राह्यला, चुका त्याच्या.

पहिली एसटी, म्हणजे त्या वेळच्या बॉम्बे स्टेट ट्रान्सपोर्टची गाडी १ जून १९४८ ले पुण्याहून नगरले गेली, आमच्याकडे खेड्यात गाडी याले लय वर्षं लागले. आम्ही लागलो तेव्हा हातात तिकिटाची पेटी अन चिमटा. एका एका माणसाजवळ थांबून, गाव विचारून, तिकीट फाडून, टोचून द्या लागे. त्यामुळे कंडक्टरले सगळ्याचं माहीत राहे, कोण माहेरी चाललं, कोण भांडून चाललं, कोण दवाखान्यात. मशीन आली तं काम सोपं झालं, आता तं मोबाईलनं पण पैसे देते, सुट्ट्याचं भांडण कमी झालं, पण बोलणं बी कमी झालं हे खरं. सुट्ट्याच्या भांडणातून लय ओळखी होत. दोघा अनोळखी माणसाले मिळून एकच नोट द्याची, "दोघं वाटून घ्या बाप्पा" म्हणाचं, मंग ते दोघं खाली उतरून चहाच्या टपरीवर नोट मोडत अन चहा पिऊनच घरी जात.

मुक्कामी गाडी तं तुम्ही पाह्यलीच असन. रात्री गावात गाडी लावली की आम्ही ड्रायव्हर-कंडक्टर तिथंच झोपू. जेवाचं कोणी ना कोणी आणे, झुणका भाकर, कधी पाटवड्याची भाजी. बदल्यात सकाळी त्याची थैली, पेपरचा गठ्ठा, शहरात शिकणाऱ्या पोराचा डबा, कोणाची दवाई, हे आपण नेऊन द्याचं. नियमात बसते का ते नका विचारू. डब्यावर नाव नसे, "स्टँडवर उंच पोरगा येईन, चष्मा आहे" एवढंच सांगत, अन तो येच.

२६ ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीच्या वरच्याले फुकट झालं, मंग मी पाह्यलं की बुढे लोक कामाशिवाय निंघाले. तालुक्याले जाचं, स्टँडवर बाकावर बसाचं, तिसऱ्या गावचा दोस्त पण तसाच येते, चहा घ्याचा, परत याचं. लोक नावं ठेवते, फुकटात गाडी भरते म्हून. अरे बाबा घरी त्याच्याशी बोलते कोण? लेक वावरात, नातू मोबाईलमधी. गाडीत त्याले कोणीतरी विचारते "कोणत्या गावचे बाबाजी?" अन तो सांगते, पूर्ण सांगते.

वाशीमच्या पोरानं लिह्यलं ते आम्ही रोज पाह्यलं. पेटी घेऊन उभं राह्यलं की दिसते, कोण कोणापासून सरकून बसलं ते. मी अशा टायमाले म्हणो "मधात सरका, मधात सरका, गाडी भरली आहे", जागा ऱ्हायली तरी म्हणो. गर्दीत सरकाले जागाच नाई भेटत माणसाले.

आता मॅडमच्या कामाचं. तो जो माणूस आहे त्याच्याबद्दल कंडक्टरले सांगा, लाजू नका. त्या गाडीच्या कंडक्टरचं काम आहे ते. त्यानं ऐकलं नाई तं ड्रायव्हरले सांगा, त्यानं बी नाई ऐकलं तं ११२ लावा. आमच्या टायमाले एकदोन वेळा आम्ही गाडी सरळ पोलीस स्टेशनच्या आवारात नेली, पूर्ण पब्लिक सहित, अन पब्लिक उतरली नाई, साक्ष द्याले थांबली. पण तिथपर्यंत जाचं काम बहुतेक पडत नाई. आपण कंडक्टरच्या सीटजवळ बसाले सुरू केलं की असे लोक आपोआप मांगच्या दारानं चढाले लागते.

कल्याणची_मास्तरीण

एवढं सगळं लिहिलंत, खूप थँक्यू. काका, नातवाला पण थँक्यू सांगा, चुका काही नाहीत.

वाशीमच्या दादांचं वाचल्यावर आज पहिल्यांदा लक्ष ठेवून ऐकलं की आडनाव कोणकोणाला विचारतात. मला विचारलं, माझ्या मागच्या मुलीला दोनदा विचारलं, सूट घातलेल्या साहेबांना कोणीच नाही. त्या मुलीला मी पुढे माझ्याजवळ बोलावून घेतलं. डीएडची निघाली, मग शाळेवर बोलत बसलो.

सिस्टर, तुम्ही सांगितलं तसं केलं, मोठ्याने सांगितलं की घरमालकीणबाईंचा भाऊ खालीच राहतो. तो माणूस तर गप्प झालाच पण पलीकडच्या काकू म्हणाल्या "कोणता भाऊ? तिले तं भाऊच नाई!" आता काय बोलायचं सांगा. मग मी "मानलेला" म्हटलं. काकूंनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं, आणि म्हणाल्या "हाव हाव, तो पहेलवान ना, पाह्यला पाह्यला".

अजून एक विचारायचं राहिलं. आज्या मला त्यांचा फोन देतात, "हा मेसेज काय आला पाह्य बरं बाई" म्हणून, रोज कोणी ना कोणी. बँकेचे मेसेज असतात, केवायसीचे असतात. वाचून देते, पण भीती वाटते उद्या काही पैशाचं झालं तर नाव माझं येईल. देऊ का नको?

आर्णी_सिस्टर

काकू हुशार आहे, त्यांच्या बाजूची सीट पकडत जा.

फोनचं, द्या वाचून. तुम्ही नाई दिलं तर त्या मागच्या सीटवरच्या कोणालेही देतील, त्यापेक्षा तुम्ही बऱ्या. फक्त फोन त्यांच्या हातातच ठेवा, तुम्ही नुसतं पाहून सांगा, काही दाबू नका. अन ओटीपी आला असेल तर मोठ्यानं वाचू नका, "हा नंबर कोणाले सांगू नका आजी" एवढंच म्हणा, कारण इथं तुम्ही एका आजीले वाचून दाखवता अन ऐकत अर्धी गाडी असते.